शिक्षा काढा, दुकान काढू नका

(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय ठरवायला संयोजक घरी आले तेव्हा म्हणाले, 'दरवर्षी पाणी आणि शिक्षण होतंय, यंदा जरा वेगळं घ्या.' विषयही त्यांनीच सुचवला : करमणुकीसाठी घेतली जाणारी नशा कायद्यानं मोकळी केली तर समाजाचं भलं होईल का? चहा संपवून उठताना, ज्यांच्या स्मृतीची ही व्याख्यानमाला त्या गुरुजींबद्दल हळूच पुस्ती जोडली, 'गुरुजी माळकरी होते, तेवढं सांभाळा.' सांभाळतो. पण गुरुजींना गुळमुळीत बोललेलं खपत नसे, तेही सांभाळावं लागेल.

या विषयावर बोलणारे बहुधा थेट ॲमस्टरडॅमला जातात, नाहीतर कॅनडाला. मला इतक्या लांब जायची घाई नाही. आपल्या बीड जिल्ह्यात परवान्यानं विकली जाणारी देशी आहे. बंदी असलेला गांजा तुरीत सापडतो. गुटख्यावर जुलै २०१२ पासून राज्यभर बंदी आहे आणि या सभागृहातून उठलात तर पाच मिनिटांत पुडी घेऊन परत याल. आणि अफू, जी मध्य प्रदेशात सरकार स्वतः परवाना देऊन लावू देतं, तीही आपल्याकडे पिकून गेली आहे. मोकळीक, बंदी आणि बंदीचं सोंग हे तिन्ही प्रयोग आपल्याच शिवारात झालेत, तर सुरुवात तिथूनच करू.

२०१२ चा फेब्रुवारी-मार्च अनेकांना आठवत असेल. परळी तालुक्यात माळेवाडीच्या परिसरात पोलिसांनी अफूची शेती पकडली. आष्टी-पाटोद्याच्या माणसानं तेव्हा कपाळाला हात लावला असेल, आमच्याकडं ज्वारीला पाणी मिळेना आणि ह्यांच्याकडं अफू! पकडलेल्या शेतकऱ्यांचा बचाव साधा होता, आम्ही खसखस लावली. बचाव अगदीच खोटा म्हणता येत नाही. दिवाळीला अनारशावर लावतो ती खसखस याच बोंडातून निघते. त्याच हिरव्या बोंडाला उभ्या चिरा दिल्या की पाझरतो तो चीक म्हणजे अफू.

हे पीक लपणारं नाही. कमरेच्या वर वाढतं, पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी रान भरून जातं, पेरणीपासून चार महिने उभं असतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं ४७ वं कलम गावातल्या सरकारी माणसांवर जबाबदारी टाकतं, बेकायदा अफू किंवा गांजा दिसला की ताबडतोब कळवा. ४६ वं कलम जमीनमालकावर तेच बंधन घालतं. चार महिने उभं असलेलं पीक कुणाला दिसलं नाही, यावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा. मी फौजदारी वकील, माझा अशा गोष्टींवर विश्वास बसणं जरा अवघड.

आता इथून मंदसौर-नीमचला चला. तिथला शेतकरी हेच पीक घेतो. ग्वाल्हेरचं केंद्रीय नार्कोटिक्स खातं त्याला पट्टा देतं, थोड्याच आरांचा. खात्याची माणसं शेत मोजून जातात. निघालेला सगळा चीक सरकारी केंद्रावर वजन करून घालायचा, भाव सरकारचा. तिथून माल नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो आणि औषधासाठी मॉर्फिन, कोडीन निघतं. झाड तेच, चीक तोच. एकाच्या खिशात पट्टा, दुसऱ्याच्या हातात बेडी. म्हणून मला सरसकट 'वाईट झाड, वाईट माणूस' हा हिशेब पटत नाही. पण दुसरी बाजूही तिथंच दिसते. सरकारनं आर-आर मोजूनही मंदसौरकडचा माल चोरवाटेनं बाहेर पडतोच, कारण चोरबाजाराचा भाव सरकारी भावाच्या कितीतरी पट. परवाना आला की चोरी संपते असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडची कोर्टं पाहून यावं.

गांजाची गोष्ट वेगळी आहे, आणि जुनी आहे. इंग्रजांनी १८९३ मध्ये भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. आयोग देशभर फिरला, अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची लागवड व्हायची ती नगर, सातारा आणि खानदेशात. म्हणजे आपल्या शेजारीच. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अति घेणाऱ्याला होतो, सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही; लागवड आटोक्यात ठेवा, कर लावा, दुकानं कमी करा. मला त्यात सगळ्यात आवडलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजानं माणूस वेडा होतो याला पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दाखवले जायचे. आयोगानं नोंदवह्याच उघडल्या. वेडाच्या कारणाचा रकाना बऱ्याचदा रोग्याला आणणाऱ्या पोलिसानं सांगितलं तसा भरलेला. माणूस गांजा ओढायचा एवढं कळलं की कारण लिहून मोकळे. एकशेतीस वर्षांनी पंचनामे वाचताना मला त्या रकान्याची आठवण येते.

स्वतंत्र भारतानं १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, तेव्हा गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली आणि १९८५ मध्ये घाईनं कायदा झाला. विधेयक ऑगस्टमध्ये मांडलं, १४ नोव्हेंबरला कायदा लागू. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. नुसती पानं आणि बी त्यात येत नाही. म्हणून भांग केंद्राच्या या कायद्यातून सुटली. आपल्या राज्यात मात्र दारूबंदी कायद्यानं तीही धरलेली आहे.

शेंड्यांची ही व्याख्या कागदावर फार नेमकी आहे. शेतात काय होतं ते सांगतो. छापा पडतो. तुरीच्या ओळीत पाच-सात झाडं सापडतात. पंच म्हणून दोघांना जीपमधून आणलेलं असतं. वजनकाटा गावातल्या किराणा दुकानातून मागवतात. झाडं मुळासकट उपटलेली, मुळांना काळी माती, पानांवर दव. तसंच सगळं पोत्यात कोंबून काट्यावर चढवतात आणि पंचनाम्यात येतं, 'उग्र वासाची हिरवट ओलसर झाडे, वजन अमुक किलो'. माती, मुळं, खोड, पानं, सगळ्याचा गांजा झाला. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण. त्या रेषेपलीकडे गेलात की ३७ वं कलम जामिनाच्या आडवं येतं आणि शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. ओली माती धरून वजन करायचं आणि त्या वजनावर माणसाची वर्षं मोजायची. मग बचावाचा वकील शेंडे वेगळे का केले नाहीत म्हणून भांडतो, न्यायाधीश जामीन देतात, लोक म्हणतात पैसे चारले.

आणि पिंजऱ्यात कोण असतो? बहुधा सालगडी. नाहीतर भजनी मंडळातला एखादा म्हातारा, ज्यानं बांधाला स्वतःपुरतं झाड लावलेलं. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनाला आलेल्या बैराग्यांच्या चिलमीला ओली छापी गुंडाळताना गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय, त्यावर कुणी पोलीस बोलावला नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो म्हणतो, मला काय माहीत, वावर गड्याच्या ताब्यात. माल उचलणारा व्यापारी दोषारोपपत्रात दिसला तर मुंबईला फोन करून सांगावं अशी गोष्ट. फक्त ओढल्याबद्दल सुद्धा कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कैद क्वचितच होते; पण पोराच्या नावावर गुन्हा लागतो, चारित्र्य पडताळणीत तो निघतो, आणि फौज किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारं पोरगं घरी बसतं. आपल्या जिल्ह्यात भरती ही चैन नाही, दुष्काळाच्या घरातला तो एक दरवाजा आहे.

मोकळीक मागणाऱ्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा यापुढचा आहे आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, तुम्ही अवजड आणि वासाची नशा दाबली की धंदा हलक्या आणि बिनवासाच्या नशेकडे वळतो. गांजाचं पोतं लपवायला खोली लागते, वास दहा घरं जातो. एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पुडी मोबाइलच्या कव्हरमध्ये मावते. कायद्यानंच बघा ना : गांजाचं अल्प प्रमाण एक किलो, एमडीचं दोन ग्रॅम. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या तुळजापुरात एमडीचं प्रकरण निघालं. भवानीच्या गावात ही पावडर पोचते तर आपण काय लंकेत राहतो? पंजाबातले खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी हीच तळमळ घेऊन लोकसभेत खासगी विधेयकाचा घाट घातला होता. गांजा-अफूसारखी जुनी, नैसर्गिक नशा मोकळी करा, म्हणजे पोरं रासायनिक विषाकडे वळणार नाहीत. ते हृदयरोगतज्ज्ञ, पंजाबातली मरणं पाहिलेला माणूस. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही.

पण मोकळी केलेली नशा बाजारात गेल्यावर काय होते, हे पाहायला पंजाब नको आणि कॅनडा नको. देशीचं दुकान बघा.

ऊसतोडीला जाणारे आपले लोक. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दिवाळीच्या आसपास मुकादम उचल देतो, ती बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या हातात पडते. फेडायची मात्र दोघांनी. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढला, तो टनाला २७३ वरून साधारण ३६६ रुपये झाला. २०२५ मध्ये सरकारनं देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरवली. भागाकार करा. एक क्वार्टर म्हणजे जवळजवळ सव्वादोन क्विंटल ऊस. तो दोघांनी तोडलेला असतो.

आणि त्या उसाचं पुढं काय होतं? कारखान्यात टनामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, तिच्यापासून दहाएक लिटर अल्कोहोल. आता बरंचसं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं हे खरं. पण देशी ज्या स्पिरिटची होते ते या मळीतूनच येत आलंय. आपल्या माणसानं कोल्हापूर-सांगलीकडे तोडलेला ऊस संत्र्याच्या वासाची बाटली होऊन त्याच्या आधी गावात हजर. हा सगळा व्यवहार कायदेशीर आहे. पावती आहे, परवाना आहे, बाटलीवर इशारा छापलाय.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत दारू घेणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, तीन कोटींच्या आसपास. दारू घेणाऱ्यांत पाचातला जवळजवळ एक तिच्यावाचून राहू न शकणारा. दारू लोकांना मुळातच जास्त आवडते, असं कुणी म्हणेल, असेलही. पण प्रत्येक फाट्यावर दुकान, फ्रिज आणि रंगीत पाटी असणं याचा त्यात काहीच वाटा नाही, असं म्हणायला धाडस लागेल. हा धंदा सणावारी दोन घोट घेणाऱ्यावर चालत नाही. दुकानाचं भाडं रोज येणारा काढतो. गांजाचा परवाना निघाला तर तोही परवाना त्याच्याच जिवावर चालेल, आणि परवानाधारकाला तो रोज यावा असंच वाटेल.

दुकानदाराला दोष देऊन भागत नाही, कारण त्याच्या गल्ल्यात सरकारचा हात आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या प्रकाराला वाट काढून दिली. अपेक्षा, वर्षाला चौदा हजार कोटी जादा. कर वाढला की पिणं घटतं हे शास्त्र मला मान्य आहे. पण अंदाजपत्रकात आकडा आधीच मांडून ठेवलेलं सरकार पिणं घटावं म्हणून प्रार्थना करील का? वसुलीचं उद्दिष्ट एका हाताला आणि नशामुक्तीचं होर्डिंग दुसऱ्या.

इथं गुरुजींची आठवण काढायचा मला हक्क आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. १३१६ फसलीचा हैदराबादचा अबकारी कायदा आपल्याला लागू होता आणि शिंदी-दारूचं उत्पन्न हा त्या सरकारचा एक मोठा आधार होता. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला तेव्हा कार्यकर्त्यांनी करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळली आणि शिंदीची झाडं तोडली. गुरुजी त्यात होते. झाडं तोडण्यामागं व्यसनमुक्तीही होती, पण पहिला घाव सरकारच्या तिजोरीवर होता. जनतेच्या नशेवर चालणारं राज्य आम्हाला नको, इतका साधा त्याचा अर्थ. मग मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये मराठवाड्याला लागू झाला. तो कायदा आजही आहे! त्याच्याखालीच परवाने निघतात. कायद्यानं पाहिलं तर पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण हवं. बीड शहरात एखाद्या परमिट रूममध्ये जाऊन कुणाला परवाना विचारलेला तुम्ही पाहिलाय? हात वर करा. जे सरकार बाटलीवाल्याचं वय विचारू शकत नाही ते गांजावाल्याचं विचारेल, हे मी कशाच्या भरवशावर मानू?

'मग बंदीच बरी,' असं मनात आलं असेल त्यांनी चंद्रपूरकडे बघावं. तिथल्या बायकांनी श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामींबरोबर वर्षानुवर्षं लढा दिला, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी आली. २७ मे २०२१ ला सरकारनं ती उठवली. कारणं दिली, चोरटी दारू वाढली, बायका-पोरं त्या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला. बंदीच्या बाजूचे म्हणतात, बंदी राबवलीच कुठं? दोघंही खरं बोलतात असं मला वाटतं. पिणारा शेजारच्या जिल्ह्यातून आणायचा आणि पकडायचं ज्यांनी त्यांना हप्ता मिळायचा. उलट मालवणीत, मुंबईत, जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, तेव्हा मुंबईत दारूबंदी नव्हती. परवान्याची दुकानं जागोजाग होती. पण गरिबाला तीही महाग होती, म्हणून तो पिशवीतली घ्यायला गेला आणि पिशवीत मिथेनॉल निघालं. परवान्यानं चोरटा माल संपत नाही, तो सगळ्यात गरीब गिऱ्हाइकाकडे सरकतो.

परदेशाचं लवकर उरकतो. पोर्तुगालनं १ जुलै २००१ पासून स्वतःपुरती, दहा दिवस पुरेल इतकी नशा जवळ ठेवणं गुन्ह्यातून काढलं. दुकानं काढली नाहीत. विकणारा अजूनही तुरुंगात जातो. पकडलेला माणूस तिघांच्या समितीपुढे जातो आणि उपचाराची वाट त्याच्यासमोर ठेवली जाते. तिथं हेरॉइननं घातलेला धुमाकूळ ओसरला, सुईतून होणारा एचआयव्ही कमी झाला. अमेरिकेतल्या ओरेगॉननं २०२१ मध्ये तसंच करायला घेतलं, पण उपचाराची सोय आधी उभी केली नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून तिथं पुन्हा गुन्हा. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि बँकॉकच्या गल्लोगल्ली हिरवी पाटी लागली. तीन वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद करायची वेळ आली. उरुग्वेचं जमलंय म्हणतात. तिथं सरकारच भाव ठरवतं, जाहिरात नाही, गिऱ्हाइकाचा अंगठा, महिन्याला चाळीस ग्रॅमची मर्यादा. आपल्याकडे रेशनला अंगठा उठत नाही म्हणून म्हातारी दिवसभर बसते, तेव्हा त्या यंत्रावर मी हा बोजा टाकणार नाही.

माझं मत आता लपलेलं नाही. ओढणाऱ्याची शिक्षा काढून टाका. स्वतःपुरत्या गांजाला फौजदारी गुन्हा मानू नका. बांधावरच्या एका झाडासाठी सेशन कोर्ट नको. आपल्या कायद्यात ६४-अ कलम आहे. अल्प प्रमाणात किंवा सेवनासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम आरोपीला सांगतो कोण? त्याची माहिती पोलीस ठाण्यातल्या पाटीवर का नाही? २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानंही महसूल विभागाला सुचवलं होतं की स्वतःपुरती नशा बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवा. ते पुढं सरकलं नाही. आपल्याच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. पोलिसानं पकडलेलं पोरगं रात्री कोठडीत ठेवण्याऐवजी सकाळी तिथल्या मानसोपचार विभागात नेलं तर कुणाचं काय जातं?

पण दुकान काढू नका. परवाना नको, लिलाव नको, रंगीत पाकीट नको, उत्पादन शुल्क तर नकोच. एकदा सरकारला त्या पैशाची चटक लागली की ती सोडवायला कुठलं केंद्र नाही.

एका गोष्टीकडे मोकळीकवाल्यांचं लक्षच जात नाही, ती बायकांची. गावातलं दुकान बंद करायला मतदान घेता येतं, आडव्या बाटलीचं. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग मतदान. पण जिंकायला झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत; यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे जी बाई आलीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आता आपला जिल्हा डोळ्यांपुढं आणा. दिवाळीनंतर मतदान लागलं तर वडवणी, धारूर, शिरूर, पाटोद्याच्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर घराला कुलूप. यादीत नाव असलेली बाई सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात मोळी बांधतेय. ज्या बाईचा नवरा उचलीतली रक्कम पितो, नेमकी तिचीच हजेरी लागत नाही, आणि गैरहजेरी दुकानदाराच्या खात्यावर जमा होते. गांजाचं दुकान आलं तर त्याच्याविरुद्ध एवढाही लंगडा हक्क तिला कुणी देणार आहे का?

म्हणून या व्यासपीठावरून माझी मागणी छोटी आहे. ज्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या जातात तिथं आडव्या बाटलीचं मतदान जून ते सप्टेंबर याच महिन्यांत घ्यावं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. उचलीचा करार बायकोच्या सहीशिवाय आणि रक्कम तिच्या खात्याशिवाय होणार नाही, एवढा नियम त्यानं करून घ्यावा. आणि वकील संघाला विनंती, ६४-अ चा अर्ज मराठीत छापून प्रत्येक ठाण्यात ठेवा. छपाईचा खर्च मी देतो.

पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक मित्र दुसऱ्या रांगेत बसलेत आणि मघापासून मान हलवताहेत. त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे. ओढणारा गुन्हेगार नाही आणि विकणारा आहे, तर ओढणाऱ्यानं आणायचा कुठून? बांधावरचं झाड खेड्यात पुरेल, बीडच्या बार्शी रोडवर राहणाऱ्यानं काय करायचं? तो चोरट्याकडेच जाईल, आणि चोरट्याचा धंदा काही अंशी चालू राहील, हे मला मान्य आहे. चोरट्याला शंभर गिऱ्हाइकं आणि परवानेवाल्याला दहा हजार, यातले शंभर मी पत्करतो. यावर त्यांचं म्हणणं वेगळं असणार. माईक तिकडे द्या, आणि साहेब, उभं राहून बोला, मागं ऐकू जात नाही.